तंबोरा लावायला शिकताना : नववीच्या प्रकल्पाच्या नोंदी

१८ जून २०२५, बुधवार

आज कलारसास्वादाच्या तासाला प्रकल्प जाहीर झाले. एखादी कला प्रत्यक्ष शिकायची, तारीखवार नोंदी ठेवायच्या आणि दिवाळीच्या सुट्टीआधी वही द्यायची. मी 'गायन' लिहून दिलं. मिरजेत जन्मलो, इथेच वाढलो, आणि सा रे ग म च्या पुढे मला काही येत नाही. शाळेत जाताना सायकल रोज सतारमेकर गल्लीवरून जाते. आत कुणीतरी तार छेडत असतं. ती सतारीची की तंबोऱ्याची, एवढंही मला ओळखता येत नाही, याचं मनापासून वाईट वाटतं.

आई म्हणाली, "अरे, आवाज फुटलाय तुझा. आत्ता कशाला? पुढच्या वर्षी बघ." पुढच्या वर्षी दहावी. तेव्हा कोण शिकू देणार? आईचं म्हणणं चुकीचं नाही हेही कळतं. सोमवारी शाळा सुरू झाली तेव्हा प्रार्थनेत दुसऱ्याच ओळीला माझा आवाज फाटला. पुढे मी नुसते ओठ हलवले.

२१ जून, शनिवार

ब्राह्मणपुरीतल्या बाईंकडे गेलो. आत्या त्यांच्याकडेच शिकली. बाई पेटी घेऊन बसल्या आणि काळी चारचा, म्हणजे सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीचा, सूर धरून म्हणाल्या, "आ कर." सा लागला, रे लागला, गंधाराला आवाज चिरला. मग त्यांनी पट्टी उतरवली. पांढरी तीनला खालचे स्वर आले, पण आवाज मध्येच दोन वाटांनी जातो. पांढरी एकला छातीतून काहीतरी जाड निघालं. ते मला माझंच वाटलं नाही.

बाई हसल्या नाहीत. पेटीचा भाता बंद करून म्हणाल्या, "घर बांधायला काढलंय गळ्यानं. बांधकाम चालू असताना सामान लावायचं नसतं."

त्यांनी समजावलं ते जसंच्या तसं: या वयात मुलांचं स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, म्हणून आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. उतरताना तो रोज वेगळ्या पायरीवर असतो. ओढून वर नेला तर गळ्याला ताण पडतो. तोवर हलक्या आवाजात, जेवढा सहज येतो तेवढाच गायचा. दिवसातून दहा मिनिटं खर्जात, म्हणजे अगदी खालच्या सुरात, ओंकार, बस.

"मग प्रकल्पात काय लिहू?" मी विचारलं.

"शनिवारी ये. बघू."

२८ जून, शनिवार

आठवडाभर खर्ज लावला. पहाटे आवाज खाली जातो, शाळेतून आल्यावर तो स्वर सापडत नाही. वहीत रोजची पट्टी लिहून ठेवली : सोमवारी पांढरी दोन, बुधवारी काळी एक, शुक्रवारी पुन्हा काळी दोन.

बाईंनी वही पाहिली आणि आतल्या खोलीत नेलं. कोपऱ्यात भिंतीला टेकून गवसणीत घातलेला उंच तंबोरा होता. त्यांच्या यजमानांचा, मर्दानी. बाईंचा स्वतःचा जनानी तंबोरा लहान आहे, त्यांच्या विद्यार्थिनीही त्याच्याच सुरात गातात, म्हणून हा कैक वर्षं उघडलेलाच नव्हता. "तुझा आवाज आता याच्या पट्टीकडे चाललाय," त्या म्हणाल्या. "गळा येईल तेव्हा येईल. तोवर कान तयार कर. चार तारा सुरात लावून दाखव, हाच तुझा प्रकल्प."

मी घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "चार तारा लावायला चार महिने?" मलाही तेव्हा तसंच वाटलं.

१० जुलै, गुरुवार, गुरुपौर्णिमा

सकाळी फुलं आणि पेढे घेऊन गेलो. बाईंनी माझ्या हातानं गवसणी काढवली. आत धूळ, कापराचा वास, आणि तारांवर गंज.

भाग शिकलो. खाली भोपळा, त्यावर लाकडाची तबली, वर पोकळ दांडी, टोकाला चार खुंट्या. तबलीवर घोडी, तिच्यावरून तारा जातात. घोडीच्या खालच्या बाजूला प्रत्येक तारेत ओवलेला एक मणी. तारा चार : पहिली पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या, त्यांना जोड म्हणतात, आणि चौथी खर्जाची, जोडीपेक्षा एक सप्तक खाली. पहिल्या तिन्ही पोलादी, खर्जाची पितळेची. रागात पंचम नसेल, मालकंसासारखा, तर पहिली तार मध्यमात लावतात.

छेडायचं असं : पंचम मधल्या बोटानं, बाकीच्या तीन तर्जनीनं, नखाने नव्हे, बोटाच्या कडेनं, आणि ओढायचं नाही, नुसतं तारेवरून उतरायचं. प, सा, सा, सा. सगळ्यांत सारखं अंतर. मला वाटलं यात शिकण्यासारखं काय? पाच मिनिटांत माझा तिसरा सा घाईनं येऊ लागला. बाई डोळे मिटून बसल्या होत्या, तरी प्रत्येक वेळी त्यांच्या भुवया हलायच्या.

१३ जुलै, रविवार

तर्जनीला फोड आला. पावसाळी हवेमुळे खुंटी भोकात घट्ट बसते, मग एकदम सटकते आणि तार ढिली पडते. बाईंनी फळ्याचा खडू दिला. खुंटी काढून तिच्या बुंध्याला खडू चोळला की ती धरते.

१९ जुलै, शनिवार

आजची नोंद मोठी होणार. आज मला पहिल्यांदा काहीतरी ऐकू आलं.

पेटीवर काळी एक धरून बाईंनी जोडीतली पहिली तार लावून दिली. दुसरी मी लावायची. फोनमधल्या सूर मोजायच्या ॲपवर काळी एक म्हणजे १३८.६ हर्ट्झ. मी खुंटी पिळत ॲपची सुई मध्यावर आणली आणि म्हटलं, "झालं." बाईंनी फोन उपडा ठेवला. "दोन्ही तारा एकदम छेड आणि ऐक."

छेडल्या. सूर एकच वाटला. "अजून ऐक. सूर ऐकू नकोस, सुराच्या आतली हालचाल ऐक."

तिसऱ्या-चौथ्या वेळेला ते आलं. आवाज स्थिर नव्हता. तो फुगत होता, बसत होता, वाँ... वाँ... वाँ..., साधारण सेकंदाला एकदा. बाईंनी मण्यावर माझं बोट ठेवलं. मणी खाली सरकवला की तार किंचित ताणते आणि सूर केसभर चढतो. मी तो नखभर खाली केला. वाँ-वाँ जलद झालं. म्हणजे उलट्या दिशेला चाललो होतो, तार आधीच चढी होती. वर सरकवला. लाट लांबली. अजून थोडा वर. आता एक लाट तीन सेकंदांची. अजून किंचित. आणि लाट नाहीशी झाली. दोन तारा वाजत होत्या आणि आवाज एक येत होता, पण तो एका तारेच्या आवाजापेक्षा कितीतरी भरलेला होता. माझ्या मांडीवर टेकलेला भोपळा थरथरत होता.

मी किती वेळ तसाच छेडत बसलो माहीत नाही. बाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "जोड मिळाली."

घरी येऊन विज्ञानाच्या सरांना फोन केला. सर म्हणाले, दोन कंपनं सेकंदाला जेवढ्यांनी वेगळी, तेवढ्या लाटा सेकंदाला ऐकू येतात. एक तार १३८.६ आणि दुसरी १३९.६ असेल तर सेकंदाला एक. म्हणजे माझा कान सेकंदाला एका कंपनाचा फरक पकडत होता! सुई मध्यावर दिसत असूनही तो फरक होता. बाई ज्याला कणसूर म्हणतात ते हे. बेसूर कुणालाही कळतं, कणसूर कळायला बसावं लागतं.

२६ जुलै, शनिवार

तार तुटली. माझ्या चुकीनं. घरी न्यायला बाईंनी परवानगी दिली नव्हती, त्यांच्या मागे मी एकटा बसून पंचम लावत होतो. गंजलेली तार, त्यात मी ऐकायचं सोडून पिळत राहिलो. फाट्कन आवाज आला आणि तारेचं टोक मनगटावर लागलं. मनगटाचं काही नाही, तंबोऱ्याला काही झालं असतं तर? बाई आल्या. रडू आवरत मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "तारा बदलायच्याच होत्या. उद्या सतारमेकर गल्लीत घेऊन जाऊ."

२७ जुलै, रविवार

रिक्षात तंबोरा उभा धरून मी, शेजारी बाई. ज्या दारावरून रोज सायकल नेतो, त्याच दारात आज आत गेलो.

आत जमिनीवर भोपळ्यांची रास. हे खायचे भोपळे नव्हेत, कडू जात. पंढरपूर भागातल्या शेतांतून येतात, वेलावरच आकार धरतात आणि मग महिनोन्महिने वाळवतात. वाळलेला भोपळा मी उचलला, तर हातात वजनच नाही. तिथले कारागीर चाचा म्हणाले, "हलका म्हणून तर बोलतोय की. जड असता तर मुका राहिला असता."

चाचांच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या हेच काम. मिरजेत याची सुरुवात फरीदसाहेबांनी केली, साधारण १८५०च्या सुमारास. त्यांचं घराणं शिकलगारांचं, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्यांचं. संस्थानिक पटवर्धनांच्या दरबारात गवई येत, त्यांची वाद्यं नादुरुस्त होत, आणि दुरुस्त करता करता हे कारागीर वाद्यंच घडवू लागले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. गल्लीत त्याचा आनंद अजून आहे, आम्ही बसलो तेवढ्यात दोघांनी तो विषय काढला.

चाचांनी जुन्या तारा उतरवल्या, तबलीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं, चिर नाही हे पाहिलं. नव्या तारा चढवल्या. मग जवारी, म्हणजे तारेचा झंकार खुलेल अशी घोडी घासणं.

हे मी अगदी जवळून पाहिलं. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण तो सपाट नसतो. पुढच्या बाजूला किंचित उतरता असतो, इतका किंचित की डोळ्याला कळत नाही, बोटाला कळतो. तार त्या उतारावर टेकत टेकत निघते आणि थरथरताना पृष्ठभागाला हलकेच शिवत राहते. त्या शिवण्यातून तो मधमाशांसारखा झंकार येतो. वर्षानुवर्षं वाजवून तारेनं घोडीवर चर पाडली होती, म्हणून आमचा तंबोरा घुमत नव्हता. चाचांनी कानस दोन वेळा फिरवली, पूड फुंकली, तार छेडली. पुन्हा एकदाच फिरवली. छेडली. पाऊण तास हेच. मध्ये कुणी गिऱ्हाईक आलं तर त्याला हातानं थांबवायचे. एकदा मी विचारलं, "चाचा, किती घासायचं हे कसं कळतं?"

"तार सांगते. आधी ऐकायचं, मग घासायचं. घासलेलं परत येत नाही."

शेवटी त्यांनी सुती दोऱ्याचे चार तुकडे घेतले आणि प्रत्येक तारेखाली, घोडीच्या माथ्यावर, एकेक सरकवला. दोरा पुढे-मागे करताना एका ठिकाणी तार अचानक उघडली. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. आधी बंद खोलीत कुणी बोलत होतं, आणि मग दार उघडलं. चाचांनी दोरा तिथेच सोडला आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी दोरा मुद्दाम हलवून ठेवला आणि म्हणाले, "आता तू शोध." मला वीस मिनिटं लागली. सापडलं.

परत येताना मीरासाहेबांच्या दर्ग्यावर थांबलो. अब्दुल करीम खाँसाहेब इथे विसावले आहेत. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात वारले, त्यांना मिरजेत आणलं. बाई म्हणाल्या, त्यांच्या गाण्यात तंबोरा इतका सुरेल असायचा की लोक गाणं सुरू व्हायच्या आधीच माना डोलवायचे. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकरांचा जन्मही मिरजेतलाच. मी तो दर्गा लहानपणापासून पाहतोय, उरुसात पाळण्यात बसलोय. कुणी हे आधी सांगितलंच नव्हतं.

९ ऑगस्ट, शनिवार

खर्ज लावायला जोडीपेक्षा सोपा, पंचम अवघड. आकडे मांडून पाहिले : जोड १३८.६, खर्ज त्याच्या निम्मा म्हणजे ६९.३, पंचम खर्जाच्या दीडपट म्हणजे १०३.९५. खर्जाच्या दोन लाटा आणि पंचमाच्या तीन लाटा एका वेळेत बसतात, म्हणून ते एकमेकांत मिसळतात. गणित पटलं. कानाला पटायला अजून वेळ लागेल. माझा पंचम नेहमी ढाला, म्हणजे किंचित उतरलेला, राहतो.

बाईंनी आज विष्णु दिगंबर पलुस्करांबद्दल सांगितलं. कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्यानं डोळ्यांना इजा झाली, शाळेचा अभ्यास अवघड झाला, म्हणून मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला आले. पुढे १९०१ साली लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. बाईंच्या विद्यार्थिनी 'प्रारंभिक', 'प्रवेशिका' अशा ज्या परीक्षा देतात, त्या पलुस्करांच्या शिष्यांनी उभ्या केलेल्या मंडळाच्या. म्हणजे आपल्या गावात शिकून गेलेल्या मुलाची ती परंपरा. मीही पुढच्या वर्षी 'प्रारंभिक'ला बसायचं म्हणतोय. आईला अजून सांगितलेलं नाही.

२७ ऑगस्ट, बुधवार, गणेश चतुर्थी

घरी आरतीला नेहमीप्रमाणे काकांनी उंच सुरात सुरुवात केली आणि दुसऱ्या आरतीला सगळ्यांचे गळे बसले. तिसरी मी धरली, काळी एकच्या आसपास. आवाज फाटला नाही. आजीसुद्धा शेवटपर्यंत म्हणू शकली.

१३ सप्टेंबर, शनिवार

गेले तीन आठवडे वहीतली पट्टी हललेली नाही. काळी एक. खालच्या पंचमापासून मधल्या पंचमापर्यंत आवाज नीट जातो, धैवताला जरा जपावं लागतं. बाई म्हणाल्या, "बसायला लागलाय." आणि भूप राग सुरू केला.

सा रे ग प ध. मध्यम आणि निषाद नाहीत. वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार; संवादी, म्हणजे त्याच्या खालोखालचा, धैवत. रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात. आत्ता बंदिश नाही, नुसते आरोह-अवरोह आणि अलंकार, तीनतालाच्या सोळा मात्रांत टाळी देत. खाली तंबोरा मीच छेडतो. गाताना छेडायचा हात थांबतो, हात सांभाळला की गंधार सुटतो.

गंधारावर बाई समाधानी नाहीत. "चढतोयस." पेटीवरचा गंधार ऐकून मी लावतो, तरी म्हणतात चढतोयस. आज जरा चिडलो. पेटीत आहे तोच तर लावतोय.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

अंबाबाईच्या देवळातल्या नवरात्राच्या संगीत सभेला बाईंबरोबर गेलो. पुढे बसलो. गाणं सुरू होण्याआधी दोन तंबोरे लागत होते. आजूबाजूचे लोक गप्पा मारत होते. मी पहिल्यांदा तेवढंच ऐकत होतो. जोड लागली, ती मला कळली. एका तंबोऱ्याचा पंचम ढाला आहे हे कळलं, आणि पुढच्याच क्षणी गवयांनी मान वळवून त्याच तंबोऱ्याकडे पाहिलं. बाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

४ ऑक्टोबर, शनिवार

गंधाराचा उलगडा झाला.

दुपारी बाईंच्या घरात आम्हा दोघांशिवाय कुणी नव्हतं, पंखा बंद, रस्त्यावर वर्दळ नाही. मी तंबोरा लावला. जोड, खर्ज, पंचम, मग मणी, मग दोरे. चाळीस मिनिटं. बाई म्हणाल्या, "आता नुसता खर्ज छेड आणि त्याच्या मागे जा. तो विरेपर्यंत सोडू नकोस."

खर्ज छेडला. आधी जाड आवाज. मग त्यातून झंकार. मग झंकाराच्या आत, वर, कुठेतरी लांब, आणखी एक स्वर. मी तार सोडून इकडेतिकडे पाहिलं. "कोण वाजवतंय?"

"कुणी नाही. तो स्वयंभू गंधार."

खोलीत गंधाराची तारच नाही. पण तार थरथरते ती एकसंध नाही, तिचे दोन, तीन, चार, पाच भागही आपापले थरथरतात. पाचव्या भागाची कंपनं मूळच्या पाचपट. ६९.३ गुणिले पाच, ३४६.५. तोच गंधार, वरच्या सप्तकातला. जवारी नीट निघाली असेल आणि चारी तारा सुरात असतील, तरच तो एवढा वर येतो. म्हणजे चाचांनी पाऊण तास जी कानस चालवली, ती यासाठी.

मग बाईंनी पेटीवर तोच गंधार दाबला. आणि वाँ-वाँ-वाँ ऐकू आलं, जोडीच्या वेळी आलं होतं तसं, पण जलद. पेटीचा गंधार चढा होता! ॲपवर पेटी ३४९ दाखवत होती. पेटीचे बाराही स्वर सारख्या अंतरावर बसवलेले असतात, म्हणजे कुठल्याही पट्टीत वाजवता येते, त्यासाठी गंधार थोडा वर सरकतो. तीन आठवडे मी तोच चढा गंधार घोटत होतो. त्या दिवशी चिडलो त्याबद्दल बाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "बरं झालं चिडलास. नाहीतर हे दाखवायचं कधी सुचलं असतं?"

पेटी बंद केली. तंबोऱ्यातल्या गंधाराला शोधत मी माझा गंधार लावला. पहिल्यांदा शेजारून गेला. दुसऱ्यांदा शेजारून. मग एकदा लागला, आणि लागला तेव्हा मला माझा आवाज ऐकू येईनासा झाला. तो तंबोऱ्यात गेला होता.

११ ऑक्टोबर, शनिवार

वही सोमवारी द्यायची आहे. सरांनी दहा पानं सांगितली होती, माझी एकतीस झाली. घोडीचं आणि दोऱ्याचं चित्र काढलंय, रोजच्या पट्टीचा तक्ताही जोडलाय, जून ते ऑक्टोबर. त्यात आवाज उतरत कसा आला आणि काळी एकवर कसा थांबला ते दिसतं.

आज वर्गाला आत्या आली होती. बाई तिला म्हणाल्या, "आज मोठ्या तंबोऱ्यावर म्हणणार आहे मी, खालच्या पट्टीत." आणि मला, "लाव रे."

बावीस मिनिटं लागली. ॲप उघडलं नाही. तंबोरा त्यांच्यापुढे धरला. बाईंनी एकदाच सगळ्या तारा छेडल्या, डोळे मिटून ऐकलं, पंचमाचा मणी केसभर खाली सरकवला, आणि भूपाचा सा लावला.